भिंतीवरची दृष्टिरेघ

पास्कल तुस्कानो कोठेही बसला की प्रथम पुढच्या माणसाचे डोके पाही. कतारमधील दोह्यात, अल मन्सूरा भागातील आमच्या घरी शुक्रवारी भजन असे. हा वसईचा श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ आवडीने येई आणि मुद्दाम सर्वांत मागे बसे. "पुढून सगळंच चांगलं दिसतं, गुरुजी," तो म्हणे. "मागच्याला दिसलं तर खरं."

माझा मुलगा श्रीधर ज्या कचेरीत अभियंता होता, तेथेच पास्कल ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होता. दोन हजार सालानंतरचा तो काळ. कचेरीकडे एका स्टेडियमचे काम आले होते आणि नमुन्यासाठी अमेरिकेतील फुटबॉल स्टेडियमचे नकाशे मागवले होते. पास्कल ते आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरी आणि आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या मला धीराने समजावी.

"लाखभर माणसं बसतात, गुरुजी. सामने वर्षातून मोजके, बाकी गाण्याचे जलसे, पदवीदान. खेळाडू मैदानाच्या कडेला उभे राहतात, म्हणून पहिली रांगच उंच घेतलीय. बघा, किती विचार."

एका शुक्रवारी त्याने मला पाटावर ठेवलेल्या खुर्चीत बसविले. पुढे खाली श्रीधरला बसवून त्याच्या डोक्यावर अरब पुरुष घेतात तो पांढरा रुमाल, गुत्रा, घातला, त्यावर अगालाचे काळे कडे ठेवले. माझ्या डोळ्यापासून त्या कड्याच्या माथ्यावरून जाणारी रेघ त्याने शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने ओढली.

"अमेरिकेत डोकं उघडं, फार तर टोपी. इथे हे. जवळचं अर्धं मैदान गेलं, गुरुजी. प्रत्येक पायरी आणखी तीन बोटं तरी उंच हवी."

"मग अडचण कसली?" मी विचारले.

"रांगा कमी होतील, क्षमता घटेल. साहेब चिडतील. श्रीधर, मीटिंगमध्ये तू फक्त विषय काढ. मी कागद घेऊन शेजारी असेन, इन्शाल्ला."

"काका, इन्शाल्ला म्हणजे नक्की ना?" श्रीधर हसला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाबा, नोकरीचा प्रश्न आहे."

"खरे आहे, तर बोल," मी म्हणालो. पास्कलवर माझा तेवढा विश्वास होता.

श्रीधर बोलला. साहेबांनी विचारले, हे गणित कोणाचे? श्रीधरने शेजारी पाहिले. पास्कल म्हणाला, "माझं नाही, सर. मी फक्त नकाशे काढतो." जुन्याच पायऱ्यांचे नकाशे पास्कलच्याच सहीने पुढे गेले. महिन्याभरात श्रीधरला 'खलास', म्हणजे नोकरी संपली, असे सांगण्यात आले.

संध्यावंदनानंतर मी सर्वांचे कल्याण मागतो. त्यात पास्कलचे नाव आजही घेतो, पण तेथे जीभ अडखळते.

आम्ही घर रिकामे करीत होतो, त्या दिवशी तो आला. श्रीधर आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. पास्कल दाराशीच उभा राहिला.

"माझ्या बायकोमुलांच्या व्हिसाचा कागद त्याच दिवशी सहीसाठी साहेबांच्या टेबलावर होता, गुरुजी."

"हे तू श्रीधरला आधी सांगायचे होतेस. तो गप्प बसला असता."

त्याची नजर भिंतीवरच्या रेघेवर गेली. खिशातून खोडरबर काढून तो पुढे झाला.

"ही पुसून देऊ?"

"राहू दे," मी म्हणालो. "ती बरोबर आहे."