दोन्ही डिस्कवर तेच

सुलभाच्या यजमानांचा, श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी घोटीच्या बाजारात तांदूळ बघत होते. "सुलभा गेली, वंदनाताई," एवढंच ते म्हणाले. आजार बळावलेला होता, डॉक्टरांनी सांगूनही ठेवलं होतं, तरी मुठीत तांदूळ धरून मी तशीच किती वेळ उभी राहिले कोण जाणे... आता महिना उलटून गेला. लिहायला बसले तर तिच्या दुखण्यापेक्षा आठवतं ते तिच्या मनाला लागलेलं एक जुनं शल्य.

आम्ही दोघी नाशिकच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ती कॉम्प्युटर. सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांची गाणी मी रेकॉर्ड करायचे आणि ती जपायचं काम सुलभाने आपणहून अंगावर घेतलं होतं. सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा तिने मला समजावलं, की सगळं दोन डिस्कवर एकदमच लिहायचं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहते. याला रेड म्हणतात. प्रश्न एवढाच होता, की हे काम त्यासाठी आत बसवायच्या वेगळ्या कार्डावर सोपवायचं की सर्व्हरमधल्या सॉफ्टवेअरवर. कितीतरी दिवस ती त्याच विचारात होती. शेवटी म्हणाली, "कार्डच घेऊ. त्याला स्वतःची बॅटरी असते गं. मध्येच लाइट गेली तरी अर्धवट लिहिलेलं वाया जात नाही." कॉलेजात लाइट जायचीच. मलाही पटलं.

दोनेक वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका उन्हाळ्यात कार्डच बंद पडलं. डिस्क धडधाकट, पण त्या कार्डाशिवाय उघडेनात. तसं कार्ड बाजारात येणं बंद झालेलं. सुलभाने शोधशोध करून पुण्यातल्या जुन्या मालाच्या दुकानातून एक आणलं. डिस्क उघडल्या, पहिली गाणी वाजली, आम्ही अक्षरशः टाळ्या पिटल्या... आणि नंतरची गाणी लावली. नुसती खरखर. बंद पडायच्या आधी कार्ड कित्येक महिने चुकीचं लिहीत होतं, आणि दोन्ही डिस्कवर तेच. वेगळी प्रत होती, पण दिवाळीआधीची. रेकॉर्डरमधलं तर आम्ही पुसून पुन्हा वापरायचो. त्या हिवाळ्यातली गाणी गेली ती गेलीच. त्यात पाड्यावरच्या म्हाताऱ्या जमनाबाईंची होती, आणि जमनाबाई तोवर वारल्या होत्या.

त्यांचा मुलगा काशिनाथ आईचा आवाज मोबाइलमध्ये भरून न्यायला नाशिकला आला. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच सुलभा म्हणाली, "आवाज राहिला नाही, काशिनाथ. मी निवडलेल्या मशिनमध्ये तो बिघडला." "असू द्या मॅडम" म्हणून तो पाणीही न पिता निघून गेला. पुढच्याच आठवड्यात सुलभा मला घेऊन जीपने सुरगाण्याला गेली. पाड्यावरच्या बायकांनी जमनाबाईंची गाणी तिच्यासाठी पुन्हा म्हटली. काशिनाथ दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "गाणी तीच हायेत. आई नाय त्यात."

त्यानंतर तिने कार्ड काढून टाकलं आणि रेडचं काम सॉफ्टवेअरकडे दिलं. डिस्क कुठल्याही मशिनला लावून वाचता आल्या पाहिजेत, लिहिलेलं बिघडलं तर लगेच कळलं पाहिजे, हा तिचा हट्ट. शिवाय दर आठवड्याला वेगळी प्रत काढून माझ्या घरी. पुढे एका डिस्कने दगा दिला तेव्हा एक ओळसुद्धा हरवली नाही. मी म्हटलं, "बघ, जमलं ना आता?" तर म्हणाली, "पण तेव्हाच हे घेतलं असतं तर जमनाबाईंचा आवाज राहिला असता? की लाइट गेल्यावर आणखीच काही गेलं असतं?" दवाखान्यातही तिने एकदा तेच विचारलं.

परवा इंदिरानगरला तिच्या घरी गेले होते. निवृत्तीनंतर सर्व्हर तिने आतल्या खोलीत आणून ठेवला होता. तो अजून चालू आहे. श्रीकांतराव म्हणाले, "झोपायच्या आधी ती रोज याच्यावर हात ठेवायची, पोराचा ताप बघावा तसा. गरम लागलं तर खिडकी उघडायची. मला यातलं काही कळत नाही, वंदनाताई..." बोलता बोलता त्यांचा तळवा पेटीवर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी उठून खिडकी उघडली.