मच्छिंद्रचं नाव सांगून विकलेली गाडी

कर्वेनगरात कॅनॉलच्या रस्त्याला मच्छिंद्रची शेड आहे आणि तिच्यावर पाटी नाही. पुण्यात पाटी नसलेलं दुकान म्हणजे मालकाला लोकांना काही सुनावायचंच नाही की काय, अशी शंका येते. मी एकदा त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, "ज्याचं काम हाय त्याला ठावं हाय. बाकीच्यांनी वाचून काय करायचंय?" म्हणजे सुनावायचं ते तो पाटीशिवायही सुनावतो.

जुन्या गाड्यांचा गंजलेला पत्रा दुरुस्त करणं हे त्याचं काम. वय साठीच्या पुढे. आज जिथे कॉलेजच्या पोरांची होस्टेलं आणि खाणावळी आहेत, तिथे त्याच्या वडिलांची ज्वारी उभी असायची. भावांनी आपापले तुकडे बिल्डरांना देऊन टाकले आणि गळ्यात साखळ्या घातल्या. हा मात्र वाट्याला आलेल्या जमिनीच्या कोपऱ्यात हातोडी घेऊन बसला तो बसलाच. चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की दोन्ही कानांनी येत नाही.

त्याच्या कामाची रीत ठरलेली. बोटाच्या पेराने गाडीभर टकटक करत फिरायचं आणि आवाज बद्द आला की तिथे खडूने गोल काढायचा. मग तेवढा पत्रा कापून काढायचा, नवा बेतून वेल्डिंग करायचा, घासायचा. पुट्टी लावायची ती नखाएवढी जाड, शेवटचा हात फिरवण्यापुरती. खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारणाऱ्यांना तो कारागीर म्हणतच नाही, हलवाई म्हणतो. या हट्टामुळे त्याच्याकडे काम कमी आणि ताटकळणं जास्त. पण आमच्या भागात जुनी गाडी विकताना 'मच्छिंद्रकडून करून घेतलीय' एवढं म्हटलं की घेणारा वाकून बघायचा थांबतो.

हे सगळं मी कौतुक म्हणून लिहीत नाही. या माणसाचं मी नुकसान केलंय, म्हणून लिहितोय.

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकाची कर्तव्यं मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. दोन वर्षांपूर्वी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरने महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं. वारज्यात भाड्याचं घर मिळालं, पण तिथे गाडी लावायला जागा नव्हती. माझी पांढरी गाडी वीस वर्षांची, बुचाच्या झाडाखाली उभी राहून म्हातारी झालेली. काचेखालच्या फटीत पाचोळा साचायचा, पाणी तुंबायचं आणि आत पायाशी झिरपायचं. सतरंजी कायम ओली. मी ती उन्हात वाळवून परत घालायचो आणि स्वतःला टापटिपीचा समजायचो.

विकायच्या आधी मच्छिंद्रला दाखवली. त्याने सतरंजी उचलली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या सीटच्या पायाशी नुसता टेकवला. तो आरपार गेला. खालचा रस्ता दिसला.

"सर, तळ गेलाय," तो म्हणाला. "कापून नवा घालावा लागंल. दोन म्हैने."

"माझ्याकडे तीन आठवडे आहेत."

"मंग भंगारात द्या."

"अहो, चालते की अजून गाडी!"

"चालती. पन अशी कुनाला इकू नका."

तळावर खडूचे चार गोल काढून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. मला राग आला. आपल्या गाडीला कोणी भंगार म्हटलं की माणसाला सत्य ऐकल्यासारखं वाटत नाही, अपमान झाल्यासारखं वाटतं. मी गाडी तिथून काढली.

स्वारगेटच्या पलीकडे एका गल्लीत एकाने दोन दिवसांत काम करून दिलं. खालून काळा रंग, वरून नवी कोरी सतरंजी, बाहेरून पॉलिश. मधे काय भरलं ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघांचंही भागलं.

गाडी बघायला उत्तरेश्वर आला. धाराशिवकडचा, पस्तिशीचा, चाकणच्या कारखान्यात कामाला, कर्वेनगरातच भाड्याने राहणारा. बरोबर आई होती, मथुराबाई. गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटरवर बसता येत नव्हतं, म्हणून घरात पहिली गाडी येणार होती. उत्तरेश्वर गाडीभोवती दोनदा फिरला, खाली वाकला. काय बघायचं हे त्याला कळत नव्हतं, हे मला कळत होतं.

"सर, खालून गंज वगैरे काय नाही ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "मच्छिंद्रकडून करून घेतलंय सगळं."

"मच्छिंद्र मिस्त्रींकडून? मग काय बघायचं!" तो सरळ उभा राहिला आणि हसला. दोन दिवसांनी गाडी न्यायला आले तेव्हा मथुराबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. चांगला होता.

तीन महिन्यांनी मी जुन्या सवयीने कर्वेनगरात शंभूच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. शंभू वस्तरा चालवताना बातम्या सांगतो. म्हणाला, "सर, मच्छिंद्रपण हलवाई झाला बरं का."

"म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. कोणी उत्तरेश्वर म्हणून आहे, त्याने जुनी गाडी घेतली, मच्छिंद्रच्या हातची. आईला घेऊन चालला होता. स्पीडब्रेकरवर गाडी आदळली, म्हातारीने घाबरून पाय रोवले, तर तळच फाटला. पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. गाडी हळू होती आणि लगेच थांबली म्हणून पाय राहिला. पत्र्याच्या धारेने पोटरी चिरली, सतरा टाके पडले. पोरगा तसाच मच्छिंद्रच्या शेडवर गेला आणि चारचौघांत त्याच्या आईबापाचा उद्धार केला.

"मग मच्छिंद्र काय म्हणाला?"

"काही नाही. वाकून बघितलं आणि म्हणाला, गाडी ठिवून जा. म्हणजे कबूलच झालं की! दोघांनी तर त्याच्याकडच्या गाड्या उचलून नेल्या."

मी तोंडाला साबण लावून गप्प बसलो होतो. आरशात दिसत होतो. त्याच क्षणी म्हणता आलं असतं, 'शंभू, ते काम मच्छिंद्रचं नाही.' सहा शब्दही लागले नसते. मी म्हणालो, "जरा कल्ले बारीक कर."

पुढचे आठ दिवस मी घरात कारणं गोळा करत होतो. आपण काय मुद्दाम केलं? स्वारगेटवाल्याने फसवलं आपल्याला. मच्छिंद्रला बोलायला काय झालं होतं, त्याला तोंड नाही? माझी बायको सुहासिनी सगळं ऐकून घेत होती. नवव्या दिवशी ती कणीक मळता मळता म्हणाली, "खाई त्याला खवखवे. मला नका समजावू, मी काही खाल्लेलं नाही." मी चपला घातल्या.

शेडमध्ये माझी गाडी उघडी पडली होती. सीटा बाहेर, सतरंजी बाहेर. बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून मच्छिंद्र आत अर्धा वाकून ग्राइंडर चालवत होता. दोन गाड्यांच्या जागा रिकाम्या होत्या. मला बघून त्याने मशीन बंद केलं, पण बाहेर आला नाही.

"तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत, हे तुमचं काम नव्हतं म्हणून?" मी आल्या आल्या त्याच्यावरच चढलो. लाज वाटत असली की माझा आवाज चढतो.

"काय सांगू? पोरगं तापल्यालं. त्याला वाटलं असतं, मिस्त्री हात झटकतोय. आन तुमचं नाव घिऊन तुमच्या दारात पाठवू? तुमी नाय म्हनला असता तर?"

मी नाही म्हणालो असतो. त्याला ते माहीत होतं आणि मलाही.

"मग फुकट कशाला करताय हे सगळं? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तो बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता बोलला, "सर, म्या पाह्यली व्हती ही गाडी. दिवाळीच्या आदी. ह्याच रस्त्यानं चालली व्हती. चकाचक. म्हातारी म्होरं बसल्याली. दोन म्हैन्याचं काम ह्या गाडीला झालं नव्हतं, ते मला म्हाईत. नुसता हात करून थांबवायचं व्हतं. म्या म्हनलं, आपलं काम नाय, आपल्याला काय? च्या पीत बसलो." त्याने तळाकडे बोट केलं. "तवापासून तो च्या गोड लागंना."

ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला झोप लागत नव्हती आणि मी आठ दिवस व्यवस्थित जेवत होतो. मला तिथे उभं राहवेना. म्हणालो, "मी सांगतो त्यांना."

"शनवारी येनारेत गाडी न्यायला," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

शनिवारी मी तासभर आधीच जाऊन बसलो. उत्तरेश्वर आईला रिक्षातून घेऊन आला. मला बघून त्याने हात जोडले, "सर, तुम्ही कशाला तसदी घेतली?" मथुराबाईंच्या पायाला अजून पट्टी होती. मच्छिंद्रने दार उघडलं. सतरंजी अजून घातली नव्हती. नवा पत्रा, वेल्डिंगच्या रेघा, सगळं उघडं ठेवलं होतं. "आजी, बसून बघा," तो म्हणाला, "पाय ठिवा बिनघोर."

मथुराबाई सीटवर बसल्या आणि दोन्ही पाय वर उचलून धरले. एवढ्या वयाची बाई, दुखऱ्या गुडघ्यांची, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून पाय अधांतरी ठेवून बसली होती. "नगं बाबा," त्या म्हणाल्या, "भ्या वाटतंय. तुमच्याच हातचं हुतं की मागलं बी."

मच्छिंद्रने मान खाली घातली. तो तेव्हाही बोलणार नव्हता.

मी बोललो. गाडी मच्छिंद्रने तेव्हा कापलीच नव्हती. त्याने मला विकू नका म्हणून सांगितलं होतं. मी दुसरीकडून झाकून घेतली आणि याचं नाव सांगितलं. वर्गात शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तिथे तीन माणसांपर्यंत पोचवायला मला दोनदा सांगावं लागलं.

उत्तरेश्वर माझ्याकडे बघत राहिला. मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मच्छिंद्रला म्हणाल्या, "मंजी आत्ताचं ह्ये तुमचं हाय?"

"व्हय, आजी. आत्ताचं माझं."

त्यांनी आधी बरा पाय खाली ठेवला. मग पट्टीचा. मग दोन्ही पायांवर भार देऊन दाबून बघितलं.

उत्तरेश्वर मच्छिंद्रच्या पाया पडायला वाकला, मच्छिंद्रने त्याला मधेच धरलं. त्या दिवशी आईबापावरून बोललो, असं काहीतरी तो पुटपुटत होता. मी निघालो. रस्त्यापर्यंत आलो तेवढ्यात उत्तरेश्वर मागून आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"सर, एक विचारू?" तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही त्यांचं नाव कशाला घेतलंत? मला गाडीतलं काय कळतंय? तुम्ही सर आहात म्हणून मी आलो होतो. तुम्ही नुसतं 'चांगली आहे' म्हणाला असता, तरी घेतली असती मी."

तो उत्तरासाठी थांबला होता.