दोरीवरची मतं

ऑफसाइड म्हणजे काय, हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. समजवायला गेलं की ती थोडा वेळ मान डोलवायची आणि मग म्हणायची, "ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांग, गोल झाला की नाही?" अशा बाईने आमचा फुटबॉल क्लब वाचवला, असं बाहेरच्यांना सांगितलं तर ते हसतात. हसू देत बापडे.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. मैदानाच्या फाटकासमोर तिची लाँड्री होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागच्या अंगणात हौद आणि कपडे वाळत घालायच्या दोन लांब दोऱ्या. क्लबच्या जर्स्या तिच्याकडेच धुवायला यायच्या, त्यामुळे खेळाडूंपासून पंचापर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायचे. "त्या उंच पोराची जर्सी न धुता परत दिली तरी चालेल," असं ती एकदा प्रशिक्षकाला तोंडावर म्हणाली होती. त्या पोराने पुढे महिनाभर लाँड्रीचा रस्ता टाळला.

क्लबचा जुना मालक कंटाळला आणि क्लब बंद करायला निघाला, तेव्हा सगळे हळहळले. आत्या मात्र तापली. "घसा आपण कोरडा करायचा, उन्हात आपण उभं राहायचं, आणि बंद करायचं ठरवणार तो एकटा? का म्हणून?" इस्त्रीचे कपडे पोचवायला ती घरोघर जायचीच. आता गठ्ठ्याबरोबर हेही पोचवू लागली, की सगळ्यांनी वर्गणी काढून क्लब आपणच घेऊ या. काही जण तिला बघून दार लावून घ्यायचे, पण शर्ट तिच्या हातात असल्यामुळे फार वेळ लावून ठेवता यायचं नाही. तिने असा पिच्छा पुरवला की शेवटी क्लब खरंच सगळ्यांचा झाला.

मत कसं द्यायचं हेही तिनेच ठरवलं. हात वर करायला सांगितलं की काही महाभाग दोन्ही वेळा वर करतात, हे तिने पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक सभासदाला कपड्यांचा एक लाकडी चिमटा. अंगणातली एक दोरी 'हो'ची, दुसरी 'नको'ची. डॉक्टरांना एक चिमटा, मैदानाचं गवत कापणाऱ्यालाही एकच. "मी वर्गणी जास्त दिलीय, मला दोन द्या," असं सराफ म्हणाले, तेव्हा आत्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "दोन पँटी घातल्या म्हणून तुम्ही दोन माणसं होता का?"

पुढे आसपासच्या गावांतले छोटे क्लब बुडायला लागले की तिला बोलावणं यायचं. ती पिशवीत चिमटे भरून बसने जायची आणि त्यांनाही हेच पढवून यायची. तिकडे तिला चिमटेवाली म्हणत. तिला ते आवडायचं, पण तोंड वाकडं करायची.

मग सिमेंटवाला आला. सिमेंटचा मोठा व्यापारी, क्लब विकत घ्यायला तयार. कपडे बदलायच्या खोलीचं छप्पर गळत होतं, चांगले खेळाडू दुसरीकडे चालले होते. बाबा तेव्हा क्लबचे अध्यक्ष होते. ते आत्याला म्हणाले, "ताई, मालकी घेऊन चाटायची का? पोरांच्या डोक्यावर छप्पर तरी येईल."

"छप्पर येईल, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा फाटकाला कुलूपही येईल," आत्या म्हणाली. बहीणभावाचं बोलणं थांबलं. जेवायला बसले की मधे मी बसायची आणि मीठ इकडून तिकडे द्यायची.

शनिवारी मतदान झालं. मोजणीआधी सगळे लाँड्रीच्या पुढे चहा घेत वाद घालत होते. मागे आत्या एकटी होती. रविवारच्या सामन्याच्या जर्स्या पिळून ठेवलेल्या, आणि घरातले सगळे चिमटे मतांत गेलेले. उभ्या जन्माची सवय. हात दोरीकडे गेला, एकेक चिमटा काढत तिने जर्स्या वाळत घातल्या. आम्ही मागे आलो तेव्हा दोन्ही दोऱ्यांवर जर्स्या वाऱ्यावर हलत होत्या आणि मतांचा पत्ता नव्हता.

"हरणार हे दिसलं, म्हणून मोडून टाकलं!" सिमेंटवाल्याचा माणूस ओरडला.

आत्याचा चेहरा उतरला. हातातली बादली खाली ठेवून ती म्हणाली, "चूक माझी आहे. पण दोरी मी पाहिली होती. 'हो'ची दोरी वाकली होती. 'नको'वर थोडेच होते. विकायचं ठरलंय. माझ्यामुळे अडायला नको." मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी स्वतः 'हो'ला मत दिलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी गोलकीपरच्या जर्सीचा चिमटा ओढला आणि 'नको'च्या दोरीला लावला. जर्सी घसरून मातीत पडली. "मी परत मत देतोय, ताई."

त्यांच्यामागून गवत कापणारा आला, मग डॉक्टर, मग सराफसुद्धा. एकेक जर्सी खाली पडत होती. "अरे मेल्यांनो, धुतलेलं आहे ते!" आत्या ओरडत होती आणि पदराने डोळे पुसत होती. विकायच्या बाजूने काही चिमटे लागले, पण 'नको'ची दोरी भरली. रविवारी आमचा संघ ओल्या, मळक्या जर्स्या घालून खेळला आणि सपाटून हरला.

तुम्ही मत का बदललंत, असं मी नंतर बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सिमेंटवाल्याने असं खरं सांगितलं असतं का?"

यंदा आत्या गेली. लाँड्री आता मी चालवते. मैदानाला तिचं नाव द्यावं, असं कोणीतरी सुचवलं आणि पुन्हा दोऱ्या मोकळ्या केल्या. आत्या असताना कोणी हा विषय काढला की ती फटकारायची, "नाव लागलं की लोकांना वाटतं, तिचंच आहे, तीच बघेल. मग तुम्ही काय करणार?" हे सगळ्यांच्या लक्षात होतं. एकामागून एक माणूस येऊन 'नको'ला चिमटा लावत होता. मीही तिथेच लावला, आणि लावताना रडले.

मोजणी माझ्याकडे होती. 'नको'ची दोरी पुरी भरलेली. 'हो'च्या दोरीवर अगदी कडेला एकच चिमटा होता. बाबा हौदाच्या कठड्यावर बसले होते, माझ्याकडे न बघता.

प्रत्येकाचं मत मोठ्याने सांगायचं, हा आत्याचाच नियम.

"हो, एक," मी म्हणाले, आणि तो चिमटा दोरीवर तसाच राहू दिला.