कृष्णात हवालदारांच्या कानाचं मडकं

मलकापुरात संयोगिताची मडकी बघायला लोक जातात ते स्वतःला शोधायला. मीही गेलो होतो. पुढं वाकलेल्या एका बुटक्या बरणीकडं बोट दाखवून माझ्याबरोबर आलेला भाऊसो म्हणाला, "हे तुमी! दुसऱ्याच्या घरात डोकावताना." नाकारायची सोय नव्हती.

तिची रीतच तशी. लग्नात, एसटी स्टँडवर माणूस कसा बसतो, खांदा कुठं पाडतो ते बघायचं आणि घरी येऊन चाकावरची ओली माती तशी दाबायची, वाकवायची. नाकडोळे काढायचे नाहीत. भांडं सरळ निघालं की हिचा जीव खालीवर. थप्पड मारून त्याचा पुन्हा गोळा करते. इस्लामपूरची बसल्या जागेची नोकरी तिनं ह्याच्यापायी सोडली. तेव्हापासून वडील, तोफखान्यातले निवृत्त हवालदार कृष्णात, तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

यंदा तिनं त्यांचंच मडकं करायला घेतलं. केलं, मोडलं. परत केलं, परत मोडलं. मधल्या वेळात शेडमध्ये येरझाऱ्या. तोफांच्या आवाजानं हवालदारांचा उजवा कान गेलेला. शेवटी तिनं रुंद खांद्याच्या मडक्याला उजव्या अंगाला कानाएवढं भोक पाडलं आणि ते वाळत ठेवलं.

नेमकी हवालदारांची बहीण राहीबाई तिथं टपकली.

"हे कोण गं?"

"आबा, आत्ती."

आत्तीनं कपाळ बडवून घेतलं. "जित्या बापाचं भोकाचं मडकं? आगं, असलं मडकं मसणात खांद्यावर घिऊन फिरत्यात! फोड आधी!"

पोरीनं बाप जिताच पोचवला, ही बातमी दुपारपर्यंत गावभर. थोडा हातभार माझाही.

संयोगिता सैरभैर झाली. भोक बुजवायला माती मळली, तशीच टाकली. मडकं फोडायला उचललं, परत ठेवलं. आबा आता कामापुरतंही बोलायचे नाहीत, ही धास्ती.

तेवढ्यात हवालदारच आले. मागोमाग आत्ती. चप्पल सापडेना म्हणून मी जरा उशिरा. हवालदार मडक्यासमोर बसले, भोकात बोट घालून बघितलं.

"चुकलीस. माझा उजवा गेलाय. समोरनं बघितलं तर ह्यो डावा."

"मडक्याला कुठलं डावं-उजवं, आबा? तोंड तर वर हाय."

"मंग भोक बराबर आसंल, तर तू मला पाठमोरा बसवलायस."

"नोकरी सोडल्यापास्नं तसंच तर बसता तुमी," ती पुटपुटली. त्यांच्या उजव्या बाजूनं.

"काय?"

ती चाकावरची माती खरवडायला लागली. हवालदारांनी दोन्ही हातांनी मडकं अलगद फिरवलं. भोक डावीकडं आलं.

"आता माझं तोंड तुझ्याकडं झालं. आसं भाज."

"दादा, आरं पण ते भोक—"

"राहू दे गं राही. पाणी कुठं भरायचंय त्यात!"

मडकं वाळून भट्टीत गेलं. भोकापासून तडा गेला तर सगळंच वाया. भट्टी निवेपर्यंत बापलेक तिच्याभोवती फिरत राहिले. मी आपला बाकड्यावर.

"आबा, बसा की जरा!" ती म्हणाली.

हवालदार फिरतच होते.

मग ती वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेली.