पासवर्डचा रकाना

मागच्या फेब्रुवारीत आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात संगणक नेटवर्कच्या सुरक्षेवर संशोधक विद्यार्थ्यांचं चर्चासत्र झालं. झालं म्हणजे बॅनर लागला, हारतुरे झाले आणि जेवणात जिलेबी होती. बॅनरवर विषयापेक्षा पाहुण्यांचा फोटो मोठा होता. मी राज्यशास्त्र शिकवतो. नेटवर्कमधलं मला ओ का ठो कळत नाही, पण आवाज खणखणीत, म्हणून सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे सगळा तमाशा जवळून पाहायला मिळाला.

त्या गर्दीत कामाचं माणूस एकच, रश्मी खोब्रागडे. वरोऱ्याची. बीएस्सी झाल्यावर तिने तिथल्या एका ऑनलाइन सेंटरवर चार वर्षं लोकांचे फॉर्म भरले. लोक यायचे, अंगठा द्यायचे, ओटीपी मोठ्याने सांगायचे आणि जाताना म्हणायचे, पासवर्ड तूच ठेव बाई. तिच्या टेबलावरच्या दोनशे पानी वहीत अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड होते. एक दिवस तिला त्या वहीचीच भीती वाटली. वही हरवली तर काय, हे विचारायला कुणी सापडेना, म्हणून ती पुढे शिकली आणि त्याच प्रश्नावर पीएचडी करायला लागली. पाच वर्षं बसने, जीपने थेट सिरोंच्यापर्यंत फिरून तिने अशा वह्या पाहिल्या. आता महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता आणि त्याला चर्चासत्रात पेपर वाचल्याचं एक प्रमाणपत्र कमी पडत होतं. हाती हेच एक चर्चासत्र होतं.

चर्चासत्र भरवणाऱ्या संगणक विभागाच्या प्रमुखांना, बुराडे सरांना, तिचा विषय हलका वाटायचा. त्यात गणित नाही, जड इंग्रजी नाही, नुसत्या वह्या. त्यांनी तिला सगळ्यात शेवटी ठेवलं. सत्कारांत सव्वा तास गेला. एकाच शालीने दोघांचा सत्कार झाला, कारण एक शाल कमी पडली होती. मग नागपूरचे पाहुणे फायरवॉलवर दीड तास बोलले, आणि त्यातला एक तास स्वतःच्या परदेश दौऱ्यावर. चार वाजता बुराडे सरांनी मला आभार उरकायला सांगितले. रश्मी जवळ आली तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं की वाचायची गरज नाही, प्रमाणपत्र मिळून जाईल. समोर बसलेल्या निम्म्यांना ते तसंच मिळणार होतं आणि एकालाही त्याची लाज नव्हती.

"सर, मले कागद नाई पाहिजे," रश्मी म्हणाली. "मले वाचाचं हाये."

मी माईकवर तिचं नाव पुकारून टाकलं. त्या दिवसातलं माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच.

रश्मी सकाळपासून प्रोजेक्टरच्या मागे होती, त्यामुळे तिची सही राहिली होती. मंचावर जाण्याआधी दारातल्या टेबलावर ती सही करायला वाकली आणि तशीच थांबली. रजिस्टर आमच्या हेडक्लार्क सोमाजीभाऊंनी आखलं होतं. आमच्याकडे गडचिरोलीकडची पोरं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात आणि पासवर्ड विसरतात, म्हणून सोमाजीभाऊ दहा-बारा वर्षं सगळ्यांचे पासवर्ड लिहून घेतात. त्याच सवयीने त्यांनी इथेही रकाने पाडले होते: नाव, कॉलेज, मोबाईल, ईमेल, पासवर्ड, सही.

रश्मीने स्लाइड उघडल्याच नाहीत. रजिस्टर हातात धरून ती म्हणाली, "सकाळी इथी त्रेसष्ट जणाईनं सही केली. एकसष्ट जणाईनं पासवर्ड लिहिला. पयलं नाव पाहुण्यांचं हाये. पाच वर्षं फिरली, पण असं गाव मले कुठी भेटलं नाई."

एकही पासवर्ड न वाचता ती खाली उतरली आणि रजिस्टर परत टेबलावर ठेवलं. सगळे विद्वान आपापला पासवर्ड खोडायला टेबलाकडे धावले. उरलेले दोघे काही शहाणे नव्हते. एकाचा ईमेलच नव्हता आणि दुसऱ्याला पासवर्ड आठवला नव्हता. धावणाऱ्यांत मीही होतो. मीही बायकोचं नाव आणि लग्नाचं साल इमानदारीत लिहून दिलं होतं.

बुराडे सर संतापले. पेपर वाचलाच नाही, तेव्हा प्रमाणपत्र नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सोमाजीभाऊंना तिची कीव आली. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सरचा पासवर्ड माह्यापाशीच हाये. तुह्यं प्रमाणपत्र सरच्या कम्प्युटरवरून आत्ता काढून देतो." त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं. रश्मीचे डोळे भरून आले, पण ती नाही म्हणाली.

मी अहवालावर सही घ्यायला सरांच्या केबिनमध्ये होतो, तेव्हा ती आत आली. प्रमाणपत्राचं नावही काढलं नाही. सरांचा पासवर्ड दिवसभर दारात उघडा पडला होता, तो आत्ताच बदला, एवढंच म्हणाली. सरांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, तुम्हीच बदलून द्या, मला ते जमत नाही. नेटवर्क सुरक्षेचे डॉक्टर! तिने कुठे काय दाबायचं ते सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, नवा पासवर्ड टाकला. रश्मीने कपाळाला हात लावला. मग सरांनी तिचं प्रमाणपत्र काढून पुढे केलं. थोडी लाज शिल्लक असावी.

प्रबंध वेळेत गेला. आठ दिवसांनी मी ऑफिसात गेलो, तर सोमाजीभाऊंची वही उघडी होती. बुराडे सरांच्या नावापुढचा जुना पासवर्ड लाल शाईने खोडून खाली नवा लिहिला होता. हा कुठून मिळाला, मी विचारलं.

"सरनंच सांगतला," सोमाजीभाऊ म्हणाले. "म्हणे, मी इसरून जाईन."