डोळेवाल्या काकू आणि अकरा बाहुल्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमची सगळी गल्ली 'डोळेवाल्या काकू' म्हणते. मोडक्या बाहुल्या दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय आहे. हात, पाय, केस हे सर्व त्या करतात, परंतु त्यांची ख्याती डोळ्यांसाठी आहे. बाहुलीच्या डोक्यामागचे झाकण काढायचे, काचेचे डोळे आतून खोबणीत बसवायचे आणि त्यावर प्लास्टर भरून अंगठ्याने दाबायचे. प्लास्टर एकदा सुकले की डोळा जन्मभर हलत नाही.

डोळे बसवताना त्या टेबलाचा उपयोग करीत नाहीत. बाहुलीला मांडीवर घेतात आणि तिची नजर स्वतःच्या तोंडाकडे लागेपर्यंत डोळे सरकवीत राहतात. टेबलावर उजेड चांगला असताना पाय कशाला अवघडून घेता, असे मी एकदा विचारले होते.

"धाकटे, बाहुली राहते कुठे? पोरीच्या मांडीवर. मग तिला वर बघता यायला नको? छताकडे नाही, पायाकडे नाही, पोरीच्या तोंडाकडे."

दीर वारल्यापासून त्यांचा दिवस या दुकानातच उगवतो आणि मावळतो. त्या कामावर त्यांचे पोट आहे, आणि पोटापेक्षा अधिक त्यांचे मन आहे.

एके दिवशी एक चित्रपटवाला दुकानात आला. त्याला बाहुल्यांचा भीतिदायक चित्रपट काढायचा होता, परंतु जुन्या पद्धतीचा. रक्त नाही, आरडाओरडा नाही, नुसते मोठे घर आणि शांतता. "काकू, जरा भयानक करून द्या," अशी त्याने विनंती केली.

"भयानक मला येत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "आहेत तशा न्या, आणि आहेत तशा आणून द्या."

त्याने अकरा बाहुल्या नेल्या.

वर्षभराने तो चित्रपट आमच्या थिएटरात लागला आणि गावाची पाचावर धारण बसली. लहान मुली बाहुल्यांना कपाटात कोंडू लागल्या. बेकरीवाली आपल्या मुलीची बाहुली परत न्यायला आली. बाहुलीचा पाय अजून बसायचा होता.

"राहू द्या काकू, लंगडीच बरी. चालत तरी येणार नाही रात्रीची."

"अगं, ही तुझ्याच घरात चार वर्षं आहे!"

"म्हणून तर! इतकी वर्षं काय काय बघितलं असेल तिनं!"

यानंतर तीन आठवडे दुकानाची पायरी कोणी चढले नाही. जाऊबाई रोज ब्रश धुऊन वाळत घालीत. चौथ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "माझ्या हातात काही दोष असेल तर तो मी बघितला पाहिजे. ऊठ, दुपारच्या खेळाला जाऊ."

चित्रपट खरोखरच चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. उंच फळीवर अकरा बाहुल्या बसलेल्या. खाली एक मुलगी एकटीच खेळते. घड्याळाचा आवाज येतो. बाहुल्या काहीही करीत नाहीत. तरीही सगळे थिएटर हळूहळू मान वळवून आपल्या मागे पाहू लागले. मीही पाहिले. मागे एक गृहस्थ होते, तेही त्यांच्या मागे पाहत होते.

जाऊबाई मात्र खुदकन हसल्या. "अगं, फळीवर बसवल्यात मेल्यांनी!"

"मावशी, गप्प बसा हो," पुढचा मनुष्य कळवळला. "इथं जीव टांगणीला लागलाय."

त्यांनी माझ्या कानात सांगितले, "मांडीवरून तोंडाकडे बघणारी नजर उंच फळीवरून कुठे जाईल? तुझ्या डोक्यावरून, तुझ्या मागे. म्हणून सगळे वळून बघतात. दोष हाताचा नाही, जागेचा आहे."

मला हायसे वाटले. तेवढ्यात शेवटचे दृश्य आले. मुलगी जमिनीवर झोपी जाते आणि फळीवरची सर्वांत लहान बाहुली दिसते. तिची नजर खाली होती. ती त्या मुलीकडे पाहत होती.

जाऊबाईंचे हसू थांबले. "ही खाली कशी बघते?" एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेकरीवालीला मुलगी आणि बाहुली यांच्यासह हाताला धरून दुकानात आणले. तिचीच बाहुली उंच फळीवर ठेवली. बेकरीवालीने वर पाहिले आणि लगेच मागे वळून दाराकडे पाहिले.

"काय आहे मागे?"

"काही नाही. उगीच वाटलं."

मग जाऊबाईंनी दुकानात येणाऱ्या मुलींसाठी ठेवलेल्या लहान स्टुलावर तिच्या मुलीला बसवून बाहुली तिच्या मांडीवर दिली. मुलगी तिला बराच वेळ निरखीत राहिली. "आई, ही माझ्याकडेच बघते," ती म्हणाली. बेकरीवाली वाकली, खात्री करून घेतली आणि ओशाळून म्हणाली, "पाय कधी बसवून देता?"

ही गोष्ट तिने पावाबरोबर घरोघर पोहोचवली. महिन्याभरात दुकान पूर्ववत भरले.

त्यानंतर अकरा बाहुल्यांची पेटी परत आली. दहा जशा गेल्या तशाच होत्या. अकरावीची नजर खालीच होती. जाऊबाईंनी तिचे झाकण उघडून मला दाखवले. प्लास्टरला तडा नव्हता आणि त्यावर त्यांच्याच अंगठ्याचा ठसा होता. अंगठ्यावरच्या जुन्या जखमेचा वणसुद्धा त्यात उमटलेला होता.

"कोणाला सांगायचं?" मी घाबरून विचारले.

"आत्ता कुठे गिऱ्हाईक परत आलंय. तोंडाला कुलूप लाव." मग बाहुलीला फळीवर ठेवून त्या कौतुकाने म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एकीला तरी कळलं, फळीवरून कसं बघायचं ते."

परंतु त्यांचा स्वभाव चौकस. दर शनिवारी त्या बाहुलीच्या डोळ्यापासून नजरेच्या रेषेत दोरा ताणतात आणि तो जिथे टेकेल त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करतात. पहिल्या दिवशी दोरा बरोबर मुलींच्या स्टुलावर टेकला. पुढेही तो तिथेच टेकत राहिला.

गेल्या आठवड्यात मी केर काढताना ते स्टूल खिडकीकडे सरकवले आणि परत ठेवण्यास विसरले. शनिवारी दोरा ताणला. तो जुन्या खुणेवर आला नाही. तो खिडकीजवळच्या स्टुलावर आला.

इतक्यात पायरीवर पावले वाजली आणि बेकरीवाली मुलीला घेऊन आत आली. जाऊबाईंनी दोरा गुंडाळला, जुनी खूण पायाने पुसली आणि हसतमुखाने म्हणाल्या, "ये गं, बस खिडकीपाशी."

मुलगी बसली, तिने फळीकडे पाहिले आणि ओळखीच्या माणसाला हलवावा तसा हात हलवला.

"स्टूल आता जागचं हलवू नकोस, धाकटे," जाऊबाई माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या. "तिला उगीच त्रास."