भाजलेल्या दाण्याची रेघ

धुळ्याहून वहिनीचा फोन आला, तेव्हा मी जळगावात भाजी निवडत बसले होते. "हे गेले..." एवढंच ती बोलली. माझा थोरला भाऊ धुळ्याच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. त्याला जाऊन महिना होत आला, पण माझा राग काही उतरत नाही. राग त्याच्यावरच!

त्याची वैशू लहान असताना दाण्याची चटणी खाल्ली की तिचे ओठ सुजायचे. आमची आई, अक्का, म्हणायची, "दाना खाईसन कोनी मरस का रे?" भाऊ मात्र हट्टाला पेटला. दाण्यातलं नेमकं कोणतं प्रथिन पोरीला बाधतं, ते शोधायचंच. कच्चे दाणे वाटून तेल काढायचा, भुग्यातली प्रथिनं मिठाच्या पाण्यात उतरवायचा, मग जेलीसारख्या लिबलिबीत थरात विजेचा प्रवाह सोडून वेगळी करायचा. "लहान पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात, आपल्या वरातीसारखी," असं हसून सांगायचा. पुढचं काम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झालं. तिथे प्रथिनं कागदासारख्या पट्टीवर उचलून तिच्यावर वैशूच्या रक्तातला पातळ द्रव, म्हणजे सीरम, सोडला. जिथे बाधा, तिथे रेघ उमटते. उमटली, पण अगदी फिकट.

फिकट रेघ म्हणजे बाधा किरकोळ, म्हणून किती खूश झाला होता! एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा घास त्यानं स्वतःच्या हातानं वैशूला भरवला. "एवढ्यानं काही होत नाही गं," मला म्हणाला. घास उतरतो न उतरतो तोच पोरीचा श्वास कोंडला... दवाखाना जवळ होता, वेळेत इंजेक्शन मिळालं, म्हणून वाचली.

चूक त्याला मागाहून उमगली. कच्च्या दाण्याची प्रथिनं पाण्यात चांगली उतरतात म्हणून त्यानं कच्चे दाणे घेतले होते. पण आपल्याकडे खिचडीत कच्चा दाणा घालतं कोण? अक्काच्या कढईत भाजलेले दाणे घेऊन सगळं पुन्हा केलं, तेव्हा रेघ काळीकुट्ट आली. ती बघून अक्का रडली. घरातून दाणे गेले ते कायमचेच.

भाऊ मात्र तिथेच अडकला. साबणानं हात धुतल्याशिवाय वैशूला जवळ घ्यायचा नाही, आणि घास तर पुन्हा कधीच भरवला नाही. "बाबा, भरवा ना," म्हणून ती मागे लागायची, की हा पाणी आणायच्या निमित्तानं उठायचा. अरे, पोरीच्या मनात काही नव्हतं रे, तुला कळलं कसं नाही!

शेवटच्या भेटीत तो अंथरुणाला खिळलेला होता आणि वैशू त्याला मऊ भात भरवत होती. त्यानं तिचं मनगट धरलं. "दाणे नाहीत ना यात?"

"बाबा, हा घास तुमच्यासाठी आहे."

तो ओशाळून हसला. मग वाटीतला घास उचलून हात तिच्या तोंडापर्यंत नेला... आणि खाली घेतला.

परवा धुळ्याला गेले, तर बेसिनवर त्याची साबणाची वडी तशीच होती, कोरडी पडून तडकलेली. वैशूनं त्याच वडीनं हात धुतले, ताटावर बसली आणि पहिला घास नुसता हातात धरून राहिली. मी म्हटलं, "मी भरवू का गं?"

"नको, आत्या," ती म्हणाली.